चढत्या लयीची सखू

आंबेकोंडातल्या बायकांनी नमनाचा खेळ बसवायचं ठरवलं तेव्हा राधा मिळाली, गवळणी मिळाल्या, मावशीच्या सोंगाला तर चढाओढ लागली. अडलं ते मृदुंगावर. वाडीतले निम्मे बापये मुंबईला, आणि उरलेले समाजमंदिराच्या बाहेर दगडी गडग्यावर बसून बैठकीची मजा बघत होते. त्यांच्यातला एक आत डोकावून म्हणाला, "आमचा वाजवणारा देताव की तुमाला. बायांच्या हाताला मृदुंग कसला? भाकरी थापा."

बचत गटाची काशी बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. ती पदर खोचून उठणार, तोच कोपऱ्यातली सखू गुडघ्यावर हात टेकत उभी राहिली. भिंतीला टेकवलेला मृदुंग तिनं मांडीवर ओढून घेतला, घरून आणलेल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापला, दोन बोटांनी ठोकून बघितला, वाईच पाणी लावलं, आणि वाजवायला लागली. किती वाजवला म्हणाल, तर गडग्यावरचे बापये विझलेल्या बिड्या बोटांत धरून एकेक करत आत येऊन उभे राहिले, एवढा.

"हा कुटं शिकलीस गो?" काशीनं विचारलं.

"शिकतंय कसली," सखू म्हणाली. "बघितलंय."

सखू भागोजीची लेक. भागोजी म्हणजे आसपासच्या गावांतला नावाजलेला मृदुंग्या. घरात खुंटीला वाद्य टांगलेलं असायचं. लेकीला त्याला हात लावायची बंदी होती असंही नाही. लेक वाजवील हे कुणाच्या मनातच कधी आलं नव्हतं. बंदी असती तर मोडता तरी आली असती. मग सखू लावणीच्या चिखलात उभ्याउभ्या, भात सडताना, पेज ढवळताना मनातल्या मनात बोल घोकायची आणि तिची बोटं आपली चालायची. लग्न होऊन आंबेकोंडात आली. नवरा धोंडू मुंबईला एका कँटीनमध्ये आचाऱ्याचं काम करायचा. शिमग्याला नि गणपतीला यायचा, बाकी वर्षभर त्याची मनीऑर्डर यायची. मुलगा झाला, ओमकार. तोही बापाच्या मागोमाग मुंबईला गेला. अशी सगळी उमर गेली तेव्हा कुठं पन्नाशी उलटल्यावर मृदुंग मांडीवर आला.

तिची खरी ताकद जोरात नव्हती. ती लयीत होती. एकदा चाल धरली की सुटायची नाही. गवळणी दमोत, राधा शब्द विसरो, मावशी भलताच विनोद करून बसो, सखूचा मृदुंग गाडीला जुंपलेल्या म्हाताऱ्या बैलासारखा आपल्या वाटेनं चालत राहायचा आणि सगळ्यांना घेऊन घरी यायचा. त्यात संकासुराचं सोंग घेऊन नाचायची तिची सून रसिका. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, लोंबणारी लाल जीभ, ज्यूटची पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. सासू वाजवते नि सून नाचते, ह्याची पंचक्रोशीला भारी गंमत.

"घरात कोण कुणाला नाचवतं?" लोक धोंडूला विचारायचे. तो आता रिटायर होऊन गावी आला होता.

"घरात त्या दोगी बसतात आणि मी नाचतंय," धोंडू सांगायचा.

बायकांनी आपली एक रीत पाडली होती. बापयांचं नमन मध्यरात्री रंगात येतं. ह्यांचा नारळ तिन्हीसांजेला फुटायचा आणि जेवणवेळेला खेळ संपायचा, कारण पहाटे उठून चूल कुणी पेटवायची? त्यामुळं झालं असं, की म्हातारेकोतारे नि शाळकरी पोरंही खेळाला यायला लागली, आणि आंबेकोंडच्या बायांना सुपाऱ्या येऊ लागल्या.

दिवाळी झाली, आणि सखूला जणू कुणी चावी दिली.

पहाटे तांबडं फुटायच्या आधी ती उठायची, झाडून काढायची, भांडी घासायची, घासलेली भांडी परत घासायची. थंडीत सगळी वाडी गोधडीत गुरफटलेली असताना ही पडवीत गार फरशीवर पडून पदरानं वारा घ्यायची. दोन भाकऱ्या खाणारी चार खायला लागली आणि तरी अंगावरची पोलकी सैल झाली. रसिकानं एकदा बाही आवळून दिली, दुसऱ्यांदा आवळली, मग म्हणाली, "आये, आता तुला माजीच चोळी होईल."

"होईल तर दे," सखू हसली.

वाडीतल्या बाया तर हेवाच करायला लागल्या. "मृदुंग लागला हिला. बारीक झाली बघ कशी, चालतेय बघ कशी!" काशीनं तर बचत गटाच्या बैठकीत जाहीर सांगितलं, की गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणाऱ्या समद्या बायांनी सखूकाकीचा कित्ता घ्यावा. सखूलाही ते पटलं. आयुष्यभर दाबून ठेवलेली गोष्ट मोकळी झाली, म्हणून अंगात हा उल्हास आला, असंच तिला वाटलं. आणि का वाटू नये? माणसाला मनासारखं मिळालं की ते तरतरीत होतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे.

एकटा धोंडू कुरकुरायचा. "उल्लास बिल्लास ठीक हाय गो, पण माजी भाकरी बी खाल्लास तू. आणि कवापासून बगतंय, वाईच काय बोललो की वसकन अंगावर येतेस."

"बोलू नका मंग."

"बगा! आली!"

लयही चढली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ती रोज वाईच-वाईच चढत होती. संकासुराची चाल पूर्वी डुलत यायची, ती आता दौडत यायला लागली. आणि लोकांना ते आवडलं! शिट्ट्या पडायला लागल्या. तरुण पोरं मोबाइल वर धरून उभी राहायची आणि ओरडायची, "काकी, आनकी जोरात!" काकी आणखी जोरात वाजवायची. झांजवाल्या घामाघूम व्हायच्या, राधेचा श्वास ओवीच्या मध्येच तुटायचा, पण टाळ्या पडल्या की सगळं झाकून जायचं.

रसिकाला मात्र ते पायात कळत होतं. एका तालमीनंतर तिनं घुंगरांचा पट्टा काढून बाजूला टाकला. "आये, माजा पाय भुईला टेकायच्या आदी तुजी थाप फुडं जाते गो. मी नाचतंय का पळतंय?"

"पायांना तेल लाव."

"पायांना नको, तुज्या हाताला लगाम लाव."

सखूला राग आला. रागानं तिच्या छातीत धडधड सुरू झाली, आणि ती थांबेना. ही धडधड आता रोजचीच झाली होती. निजायला आडवी झाली की कानात, गळ्यात, बोटांच्या टोकांत काहीतरी वाजत राहायचं. मृदुंग आत जाऊन बसलाय, असं ती स्वतःला सांगायची. पण चहाची बशी हातात धरली की खडखड वाजायची, ते काही तिला आवडायचं नाही. मग तिनं बशी सोडली आणि पेल्यातून चहा प्यायला लागली, तोही दोन्ही हातांनी. हात थरथरतो हे कुणाला कळलं तर काय होईल, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सगळे मायेनं म्हणतील, "काकी, आता बस झाला," आणि बापयांच्या मंडळातला वाजवणारा येऊन तिच्या जागेवर बसेल. एवढ्या वर्षांनी मिळालेली ती हातभर जागा होती. थरथरीसाठी सोडायची?

माघी गणपतीच्या उत्सवात मिरजोळ्याला खेळ होता. मांडव भरलेला. गार वारा सुटलेला, लोक कानटोप्या घालून बसलेले, आणि सखूची पाठ घामानं भिजलेली. गण झाला, गवळण झाली, मावशीनं नेहमीचा हशा घेतला. मग संकासुर आला आणि सखूच्या हातांत वारं भरलं. तिला सगळं छान दिसत होतं. दिव्यांचा झगमगाट, डोलणारी टोपी, पहिल्या रांगेत अंगठा वर करून बसलेला धोंडू. पोरं ओरडली, "जोरात!" तिनं सोडला हात.

रसिका गिरकी घेत मंचाच्या कडेला गेली. परत फिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा मृदुंगानं दिला नाही. झग्यात पाय अडकला, आणि काळा संकासुर टोपीसकट मंचावरून खाली गेला. खुर्च्या आदळल्या. कुणीतरी किंचाळलं. घुंगरं एकदाच खळाळली आणि गप्प झाली.

सखूचे हात तरीही वाजवतच होते. थांब म्हटलं तरी थांबेनात. मग थांबले.

खाली काळं कापड पसरलेलं दिसत होतं आणि ते हलत नव्हतं. सखूला वाटलं, मी मारली पोर. मी सुनेला मारली. असं मनात आलं मात्र, छातीच्या मधोमध जात्याचा दगड ठेवावा तसं काहीतरी बसलं. डाव्या खांद्यात कळ गेली. श्वास आत जाईना. ती मृदुंगावर पालथी झाली.

तोवर खाली संकासुर उठून बसला होता. "मेली माजी खोट!" तो टाच धरून ओरडला. त्यानं मान वर केली, आणि मग जो बोंबलला, "आये! अवो बाबा, आयेला काय झाला बगा!"

रत्नागिरीतल्या इस्पितळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा पहारेकरी आधी दोन पावलं मागं सरला. गाडीतून लाल जिभेचा, दाढीवाला काळा संकासुर लंगडत उतरला आणि त्याच्यावर डाफरला, "बगताय काय? स्ट्रेचर आणा!"

"पेशंट कोण? तुम्ही?"

"मी कसली? माजी सासू!"

"नाव लिहा... संका..."

"रसिका!"

मागून धोंडू उतरला. त्याच्या हातात मृदुंग होता. कशाला आणलास असं बरोबर आलेल्या काशीनं विचारलं, तर त्याला सांगता येईना. सखूची वस्तू हातात असली म्हणजे सखू कुठं जात नाही, असं काहीसं त्याच्या मनात असावं.

आत डॉक्टर मृणाली होत्या. चाळिशीच्या, चष्म्याच्या, शांत आवाजाच्या. ईसीजीचा कागद बघून त्यांनी ओठ मिटले. हार्ट अटॅकसारखंच सगळं दिसत होतं. रक्ताची तपासणीही तेच सांगत होती. अँजिओग्राफी करायला हवी म्हणाल्या. धोंडूनं सही केली आणि बाकावर जाऊन बसला. शेजारी रसिका. पायाला पट्टी बांधून झाली होती, मोडलं काही नव्हतं, मुरगळला होता. टोपी काढली होती, पण दाढी काढायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दाढीतून आसवं गळत होती. समोरच्या बाकावरचं एक लहान पोर आईच्या पदराआडून तिच्याकडं टक लावून बघत होतं.

डॉक्टर बाहेर आल्या त्या थोड्या चकित झालेल्या.

"रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "एकही अडथळा नाही."

"म्हंजे अटॅक नाय?" धोंडू उठून उभा राहिला.

"नेहमीचा नाही. या, आत या, त्यांच्यासमोरच सांगते."

सखू पडून होती. रंग गेलेला, पण शुद्धीवर. रसिकाला बघितल्याबरोबर तिनं हात पुढं केला. "जिती हायस?"

"माला काय धाड भरलेय!" रसिका म्हणाली आणि तिच्या हातावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. दाढी टोचली तसा सखूनं हात काढून घेतला.

डॉक्टरांनी पडद्यावर सखूचं हृदय दाखवलं. काळ्यापांढऱ्या धुक्यात ते हलत होतं. "हा डावा कप्पा. हा भाग वरती नीट आवळतोय बघा. आणि खालचं टोक आवळायचं सोडून फुगून बसलंय. मान बारीक, बूड गोल. जपानमधे ऑक्टोपस पकडायला असली मडकी समुद्रात सोडतात, म्हणून त्या लोकांनी ह्या आजाराला त्या मडक्याचंच नाव दिलंय."

सखूनं पडद्याकडं डोळे बारीक करून बघितलं. "काळजाचा मडका झाला?"

"झालंय. पण ह्या मडक्याचं परत हृदय होतं. काही आठवड्यांत. बहुतेकांचं होतं."

"कशानं झाला पण?"

"जबर धक्का बसला की होतं. भीती, दुःख, कधी तर आनंदानंसुद्धा. शरीरात घबराटीचं रसायन एकदम उसळतं आणि हृदयाच्या स्नायूला ते सोसत नाही. तुमच्या वयाच्या बायकांत जास्त बघायला मिळतं." डॉक्टर जरा थांबल्या. "सून पडलेली बघून तुम्हाला धक्का बसला, ते कळलं. पण सून पडली म्हणून प्रत्येक सासूचं काही असं होत नाही."

"काय काय सासवांना तर बरा वाटल," रसिका नाक पुसत म्हणाली. तेव्हा कुठं धोंडूच्या तोंडावर हसू आलं.

डॉक्टरांनी मात्र सखूचा हात हातात घेतला होता आणि तो सोडत नव्हत्या. गरम, ओलसर हात. "दोन्ही हात पुढं करा बघू. बोटं पसरा." त्यांनी पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरायला लागला. सखूनं मान दुसरीकडं फिरवली. इतके दिवस झाकलेलं एका कागदानं उघडं केलं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. वजन? भूक? झोप? उकडतं? चिडचिड होते? शेवटच्या प्रश्नाला धोंडूनं उत्तर देऊन टाकलं. डॉक्टरांनी पाण्याचा घोट घ्यायला सांगितला आणि गिळताना गळ्याकडं नीट बघितलं. गळ्याच्या पायथ्याशी काहीतरी वर सरकून खाली आलं.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड.

"थायराईड नाय हो," रसिकानं मान हलवली. "आमच्या मावशीला हाय थायराईड. ती फुगलेय नुसती आणि दिसभर झोपते. आये बगा कशी काटकी झालेय."

"त्यांची थायरॉइड कमी काम करते. ह्यांची जास्त करते. गाठ तीच, खोड उलटी," डॉक्टर म्हणाल्या. "शरीरानं किती जोरात चालायचं, हे ही गळ्यातली ग्रंथी ठरवते. मावशी, तुमची ग्रंथी गेले कित्येक महिने एकच सांगतेय, जोरात, आणखी जोरात. त्यामुळं भूक जास्त, घाम जास्त, झोप नाही. हृदयही रात्रंदिवस धावतंय. अशा हृदयाला ते घबराटीचं रसायन फारच लागतं. एरवी धडधडून शांत झालं असतं, ते फुगून बसलं."

धोंडू हळूच म्हणाला, "आणि आमी म्हणत होताव, काय तरतरीत झालेय."

गोळ्या सुरू झाल्या. एक ग्रंथीला आवरणारी, एक हृदयाला सावकाश चालवणारी, आणखी एकदोन. ताप आला किंवा घसा दुखायला लागला तर अंगावर काढू नका, लगेच या, रक्त तपासावं लागेल, हे डॉक्टरांनी धोंडूला, रसिकाला आणि सखूला वेगवेगळं बजावलं. सखूनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मृदुंग?"

"आत्ता अजिबात नाही. हृदय जाग्यावर आलं की बघू."

"आणि मंग हात असाच चालल काय?"

डॉक्टरांना वाटलं, बाईला थरथरीची काळजी आहे. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "नाही नाही. हात एकदम शांत होईल. ही घाई आजाराची होती, ती सगळी जाईल."

सखू भिंतीकडं तोंड करून निजली.

घरी पडवीत खाट टाकली होती. वाडीतल्या बाया येऊन बसायच्या, कुणी नाचणीची आंबील आणायची, कुणी शेवग्याच्या शेंगा. आणि जी ती जाताना म्हणायची, "लवकर बरी हो गो काकी. तुजा तो जोर दुसऱ्या कुणाला जमायचा नाय." शिमग्याच्या खेळाला काशीनं बापयांचा वाजवणारा घेतला होता. तोही भेटून गेला, भला माणूस. "तात्पुरता हाय हां काकी," असं दोनदा म्हणाला.

सखू खाटेवर पडून आढ्याकडं बघायची. तिच्या मनात एकच किडा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या जोराला. तो जोर होता गळ्यातल्या गाठीचा, असं ती शिकलेली बाई सांगते. मग इतकी वर्षं थांबून बाहेर आली ती कोण, भागोजीची लेक की ती गाठ? आणि गोळीनं गाठ गप्प बसली, तर मृदुंगाशी बसायला उरतं कोण? साधी भाकऱ्या थापणारी बाई?

एका सकाळी तिनं ती गोळी गिळली नाही. तोंडाशी नेली, पाणी प्यायली, आणि गोळी पदराच्या गाठीत बांधली. दुसऱ्या सकाळीही तेच केलं. आपण जिवाशी खेळतोय हे तिला कळत होतं. पण त्या हातभर जागेपुढं जिवाची काय मातब्बरी, असं तिला तेव्हा वाटत होतं.

दुपारी रसिका शेजारी येऊन बसली. सुजलेला पाय उशीवर, मोबाइल हातात. "आये, हा बग मिरजोळ्याचा व्हिडिओ. मी पडायच्या आदीचा. लोकांनी काय काय लिवलानी बग, एक नंबर, काकी रॉक..."

"माजा चष्मा नाय. आवाज लाव नुसता."

रसिकानं आवाज मोठा केला. सखू डोळे मिटून ऐकायला लागली. आपला मृदुंग बाहेरून तिनं कधी ऐकलाच नव्हता. वाजवणाऱ्याला तो ऐकायला सवड कुठं असते? पहिल्यांदा तिला अभिमान वाटला. मग कपाळाला आठी पडली.

"पयला लाव. समाजमंदिरातला. तो हाय काय?"

तो होता. गडग्यावरच्या कुणीतरी त्या दिवशी मोबाइलवर धरला होता. आवाज खरखरीत, मागं बायकांचं खुसखुसणं. सखूनं तो ऐकला. परत मिरजोळ्याचा लावायला सांगितला. मग पुन्हा पहिला. रसिका कंटाळली, पण सासूचा चेहरा बघून गप्प राहिली.

मिरजोळ्याच्या मृदुंगात जोर होता, पण श्वास नव्हता. एक थाप दुसरीच्या पाठीवर चढत होती. डावा हात घुमायला वेळ मागत होता आणि उजवा त्याला तो देत नव्हता. थरथरीनं बोलांच्या कडा फाटल्या होत्या. बापूस असता तर म्हणाला असता, कुणाला वाघ लागलाय मागं? आणि त्या समाजमंदिरातल्या वाजवण्यात, कणीक थापून पहिल्यांदा बसलेल्या त्या बाईत, दोन थापांच्या मधोमध चांगली ऐसपैस जागा होती. आसपासच्या बायकांचं हसणंसुद्धा त्या जागेत जाऊन बसत होतं.

"संकासुर पाय उचलतो ना," सखू डोळे न उघडता म्हणाली, "त्याला हवेत ऱ्हावाया जागा लागते. ती जागा मी खाल्लंय. तू पडलीस ती त्याच्यामुळं."

"जाऊ दे गो आये."

"मी नव्हं, ती गाठ वाजवीत होती. ह्यो पयला, तो मी." ती उठून बसली. "पानी दे."

रसिकानं तांब्या दिला. सखूनं पदराची गाठ सोडली. गोळ्या बघून रसिकाचे डोळे विस्फारले. सुजल्या पायावर उभी राहून सुनेनं सासूला जे झाडलं, ते वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. "आमी हितं देव पाण्यात घालून बसलाव आणि तू गोळ्या बांधून ठेवतेस? आता रोज माज्याफुडं गिळायची! तोंड उगडून दाकवायचा! जीभ वर!" सखूनं मुकाट्यानं एक गिळली. राहिलेली एकदम घ्यायची का, हे मात्र रसिकानं डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं, आणि तिकडूनही सखूला दोन शब्द ऐकून घ्यावे लागले.

धोंडू अंगणातून सगळं ऐकत होता. तो आत आला आणि बायकोला म्हणाला, "कसा वाटला? माज्यावर रोज असाच पडतो."

हळूहळू सखू थंड झाली. गोधडी अंगावर ओढायला लागली, पहाटे साखरझोपेत घोरायला लागली. पोलकी परत उसवावी लागली. चहाची बशी तिनं एक दिवस सहज उचलली आणि ती वाजली नाही. पुन्हा तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला. खालचं टोक आता बाकीच्या हृदयाबरोबर आवळत होतं. "मडकं गेलं," डॉक्टर म्हणाल्या. "थायरॉइडच्या गोळ्या अजून बराच काळ घ्यायच्या, मधूनमधून रक्त तपासायचं. पण मृदुंग वाजवा. मीच एकदा ऐकायला येणार आहे."

वैशाखात चाकरमानी गावी आले तेव्हा हेदवीकडच्या एका वाडीतून सुपारी आली. जयगडला बायकांचा तांडा मृदुंग, झांजा, झग्यांच्या बोचक्यांसकट फेरीबोटीत चढला आणि तवसाळला उतरला. ओमकारही रजा काढून आला होता, त्यानं आईचं वाजवणं फक्त मोबाइलवर पाहिलेलं. आणि ह्या गावच्या पोरांनीही तेच मोबाइलवरचं पाहून बोलावलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

नारळ फुटला. गण सावकाश झाला, गवळण हसतखेळत झाली. काशी झांज वाजवता वाजवता सखूकडं चोरून बघत होती. संकासुर आला तेव्हा मागून एक पोरगं ओरडलंच, "काकी, जोरात! व्हिडिओतल्यासारखा!"

दुसऱ्यानं शिट्टी घातली. काशीची झांज नकळत वाईच पुढं सरली. सखूनं तिच्याकडं नुसतं बघितलं, तशी ती मागं आली.

"जोरात!" परत आरोळी.

संकासुरानं लाल जीभ त्या बाजूला वळवली, कमरेवर हात ठेवले. "कुनाला घाई झालेय रे? तांब्या घेऊन पऱ्याकडं जाऊन ये, आमी थांबलाव हितंच!"

मांडव खदखदला. त्या पोराच्या पाठीत त्याच्याच आजीनं धपाटा घातला. हसू ओसरलं, आणि त्यामागून मृदुंग ऐकू यायला लागला. तो मघापासून तसाच चालला होता. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मांडीवर बोटं टेकवून त्याच्याबरोबर चालायला लागला, मग त्याच्या शेजारचा. झांजा लयीत बसल्या. रसिका डुलत, झोकांड्या देत, मंचाच्या पार कडेपर्यंत गेली, तिथं एका पायावर उभी राहून तिनं लोकांना वेडावलं आणि आरामात परत फिरली.

सखूच्या कपाळावर घाम नव्हता. हात तिनं सांगितलं तिथं पडत होता, आणि नको म्हटलं तिथं थांबत होता.